चिकुनगुनियानंतर न थांबणारी सांधेदुखी आणि ‘एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह’ असा अहवाल: याचा नेमका अर्थ काय घ्यावा?

प्रश्न: इंद्रायणीकाठ

नमस्कार. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या घरात आई (वय ६१) आणि धाकटा भाऊ (वय ३४) यांना एकाच आठवड्यात चिकुनगुनिया झाला. दोघांचेही निदान रक्ततपासणीने पक्के झाले होते आणि दोघांचाही ताप काही दिवसांत उतरला. आईची मनगटे व घोटे काही आठवडे दुखत राहिले, मग ती हळूहळू पूर्ववत झाली. भावाचे दुखणे मात्र अजून सरलेले नाही. सकाळी उठल्यावर बराच वेळ त्याची कंबर आणि टाचा आखडलेल्या असतात, उजवा गुडघा मधूनमधून सुजतो, आणि दुपारपर्यंत त्याला इतका थकवा येतो की कामावर बसणे अवघड होते.

आमच्या डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर एचएलए-बी२७ ही तपासणी सांगितली आणि ती पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून भावाची समजूत अशी झाली आहे की हे जनुकांतच असल्यामुळे आता आयुष्यभर चालणार. आणि आई स्वतःला दोष देत बसली आहे, कारण जनुके आईवडिलांकडूनच येतात एवढे तिला ठाऊक आहे. वडील आता हयात नाहीत.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या जनुकामुळे चिकुनगुनिया लांबला असे म्हणता येते का? एकाच घरात, एकाच डासांच्या हंगामात, वयाने मोठी असलेली आई बरी होते आणि तरुण मुलगा होत नाही, याचे शास्त्रीय कारण काय? आणि मी व भावाच्या लहान मुलीने ही तपासणी करून घ्यावी का? कोविडनंतर दीर्घकाळ आजारी राहणाऱ्यांच्या जनुकांवर संशोधन झाल्याचे मध्यंतरी वाचले होते. त्याचा येथे काही संबंध असेल तर तोही कृपया सांगावा.

उत्तर: संधिवैद्यक

मी संधिवातशास्त्रात काम करतो. रुग्णाला न पाहता निदान सांगणे योग्य नाही, तरी या अहवालाविषयी जे निश्चितपणे सांगता येते ते सांगतो.

एचएलए ही आपल्या सहाव्या गुणसूत्रावरील जनुकांची एक दाट वस्ती आहे. पेशीच्या आत जी प्रथिने तयार होतात किंवा बाहेरून येतात, त्यांचे लहान तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून ते टी-पेशींना (जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) दाखवणे हे या जनुकांपासून बनणाऱ्या रेणूंचे काम असते. कोणता तुकडा दाखवला जाईल हे त्या रेणूच्या आकारावर ठरते, आणि हा आकार माणसागणिक वेगळा असतो. बी२७ हा अशा असंख्य प्रकारांपैकी एक. तो काही बिघडलेला रेणू नव्हे. एचआयव्हीची लागण झालेल्यांमध्ये ज्यांच्याकडे बी२७ असतो त्यांच्यात हा आजार सरासरीने सावकाश पुढे सरकतो, कारण हा रेणू त्या विषाणूच्या गॅग प्रथिनाचा असा एक तुकडा टी-पेशींना दाखवतो जो बदलणे विषाणूला फार महाग पडते. हे आपल्या भावाला अवश्य सांगावे, कारण ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचला की माणसाला आपल्यात काही दोष सापडला असेच वाटते.

बी२७ आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणका व कमरेच्या सांध्यांचा दाहक संधिवात, यांचा संबंध १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवला. तो संबंध फार बळकट आहे. युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के लोकांत हे जनुक आढळते. परंतु उलट बाजूने पाहिल्यास चित्र पूर्ण बदलते. युरोपात निरोगी लोकांपैकीही साधारण ८ टक्के लोकांकडे बी२७ असते, भारतात हे प्रमाण बहुधा त्याहून कमी असते, आणि ज्यांच्याकडे ते असते त्यांच्यापैकी अगदी थोड्यांनाच, शंभरातील दोन-चारांनाच, हा आजार होतो. म्हणून नुसता अहवाल पाहून कोणतेही निदान करता येत नाही.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. बी२७ असलेल्यांमध्ये जंतुसंसर्गानंतर सांधे सुजण्याचा जो प्रकार चांगला ओळखीचा आहे, तो सालमोनेला, शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, येर्सिनिया यांसारख्या आतड्यांतील जिवाणूंनंतर किंवा मूत्रमार्गातील क्लॅमिडियानंतर होतो. चिकुनगुनियाची सांधेदुखी त्या गटात बसत नाही. ती बी२७ नसलेल्या माणसांनाही महिनोन्‌महिने छळते. त्यामुळे ‘या जनुकामुळे चिकुनगुनिया लांबला’ असे विधान मी करणार नाही.

मात्र आपल्या वर्णनातील एक गोष्ट मला थांबवते. चिकुनगुनियानंतरचे दुखणे बहुधा दोन्ही बाजूंच्या मनगटांना, बोटांच्या लहान सांध्यांना आणि घोट्यांना असते, जसे आपल्या आईला होते. आपल्या भावाची तक्रार कंबर, टाचा आणि एकाच बाजूचा गुडघा अशी आहे. म्हणून चार प्रश्न विचारतो. कमरेचा ताठरपणा तापापूर्वीही होता का? तो विश्रांतीने वाढतो आणि हालचालीने कमी होतो का? पहाटेच्या सुमारास दुखण्याने जाग येते का? आणि घरात कोणाला, विशेषतः वडिलांना, पाठीचा असा त्रास किंवा डोळा लाल होऊन दुखण्याचे प्रसंग आले होते का?

उत्तर: टी-पेशी

मी प्रतिकारशास्त्रात संशोधन करते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे दुसऱ्या प्रश्नापुरते लिहिते.

चिकुनगुनिया का रेंगाळतो याबद्दल दोन कल्पना समोरासमोर आहेत. पहिली अशी की विषाणू पूर्णपणे जातच नाही. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये मोठी साथ आली आणि बेटावरील सुमारे एक तृतीयांश लोकांना लागण झाली. त्या साथीतील एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात, संसर्गानंतर दीड वर्षाने, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींमध्ये विषाणूचा आरएनए (त्याचे जनुकीय द्रव्य) व प्रथिने सापडली. हे निरीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरी कल्पना अशी की विषाणू जातो, पण त्याने पेटवलेला दाह विझत नाही. कोलंबियामध्ये जुनाट सांधेदुखीच्या रुग्णांच्या सांध्यांतील द्रव तपासला गेला, त्यांच्या संसर्गाला सरासरी दोन वर्षे होत आली होती, आणि त्या द्रवात विषाणू सापडला नाही. हा अभ्यास २०१८ चा. माझ्या मते या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, कारण ‘जुनाट चिकुनगुनिया’ या एका नावाखाली वेगवेगळ्या यंत्रणांनी घडलेली दुखणी एकत्र केलेली आहेत.

उंदरांवरील प्रयोगांतून याहून नेमकी माहिती मिळते. ज्या उंदरांमध्ये टी-पेशी आणि प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशीच नसतात त्यांच्या रक्तात विषाणू फार काळ टिकतो, पण त्यांचा पाय फारसा सुजत नाही. सीडी४ प्रकारच्या टी-पेशी असतील तर सूज येते. म्हणजे विषाणूला हटवणे आणि सांध्याला इजा करणे या दोन कामांत एकच यंत्रणा गुंतलेली आहे. ती किती जोरात पेटावी आणि केव्हा थांबावी यावर अनेक जनुकांचा प्रभाव पडतो, आणि त्यांतही सर्वांत विविध असलेली जनुके म्हणजे एचएलए. त्यांचे तीस हजारांहून अधिक प्रकार आजवर नोंदले गेले आहेत. प्रत्येक मुलाला एचएलएचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे आई आणि मुलगा यांचा फक्त अर्धा संच सारखा असतो. आपल्या मातोश्री आणि बंधू यांच्या टी-पेशींना एकाच विषाणूचे बऱ्याच अंशी वेगवेगळे तुकडे दिसले असणार. याच कारणाने मातोश्रींनी स्वतःला दोष देण्याला आधार नाही: बी२७ त्यांच्याकडून आला की वडिलांकडून, हे या अहवालावरून कळतच नाही.

जनुकांचा भाग खरा असला तरी तो एकट्याने पुरेसा नसतो, हे दाखवणारे सर्वांत स्वच्छ उदाहरण चिकुनगुनियाचे नसून एपस्टाइन-बार विषाणूचे आहे. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने पाहून २०२२ मध्ये असे दाखवण्यात आले की या विषाणूची लागण झाल्यावर मल्टिपल स्क्लेरोसिसचा (मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंचे आवरण खराब होण्याच्या आजाराचा) धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. याच आजारात एचएलए-डीआरबी१*१५:०१ हा प्रकार असणाऱ्यांचा धोका सुमारे तिप्पट असतो. तरीही विषाणूची लागण जवळजवळ सर्वच प्रौढांना झालेली असते, हा एचएलए प्रकारही पुष्कळांकडे असतो, आणि आजार मात्र फार थोड्यांना होतो.

कोविडविषयी आपण वाचले ते बहुधा सोळा देशांतील चोवीस अभ्यास एकत्र करून झालेल्या जनुकीय पाहणीबद्दल असावे. तिच्यात दीर्घ कोविडशी सर्वांत ठळक संबंध एफओएक्सपी४ या जनुकाजवळच्या एका फरकाचा निघाला. तो असणाऱ्यांमध्ये दीर्घ कोविडची शक्यता साधारण दीडपट किंवा किंचित जास्त असते. हा फरक फिनलंड वगळता युरोपीय लोकांत दोन टक्क्यांहूनही कमी आढळतो आणि पूर्व आशियात सुमारे ३६ टक्के, आणि म्हणूनच फक्त युरोपीय नमुन्यांवर काम केले असते तर तो बहुधा निसटला असता. दुसरीकडे, २०२३ मध्ये एचएलए-बी*१५:०१ हा प्रकार असणाऱ्यांना कोविडची लागण होऊनही लक्षणे न येण्याची शक्यता जास्त असल्याचे दिसले. सर्दीच्या जुन्या कोरोना विषाणूंवर तयार झालेल्या टी-पेशी त्यांच्याकडे या नव्या विषाणूलाही ओळखत होत्या.

येथे एक भेद मुद्दाम सांगते, कारण वर्तमानपत्रांत तो नेहमी पुसला जातो. सुरुवातीचा आजार किती तीव्र होईल हे ठरवणारी जनुके आणि आजार किती काळ रेंगाळेल हे ठरवणारी जनुके एकच असतील असे नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरील, निअँडरथल या नामशेष मानवजातीकडून आलेला जो भाग दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांकडे आहे, त्याचा संबंध कोविडच्या तीव्रतेशी प्रस्थापित झाला. दीर्घ कोविडच्या वर सांगितलेल्या पाहणीत मात्र अग्रस्थानी तो नव्हता. ऑस्ट्रेलियातील डबो या गावी एपस्टाइन-बार, रॉस रिव्हर विषाणू आणि क्यू-फीव्हर (जनावरांपासून होणारा जिवाणूजन्य ताप) यांच्या रुग्णांचा आजाराच्या आरंभापासून पाठपुरावा झाला होता. रॉस रिव्हर हा चिकुनगुनियाचा जवळचा नातलग. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के रुग्णांत दीर्घ थकव्याचे चित्र दिसले, तिन्ही जंतूंबाबत जवळपास सारखेच, आणि त्याचा अंदाज बांधण्यास सर्वांत उपयोगी ठरली ती सुरुवातीच्या आजाराची तीव्रता. वय, शिक्षण किंवा पूर्वीचे मानसिक स्वास्थ्य नव्हे. या शेवटच्या मुद्द्याला मी फार महत्त्व देते. थकलेल्या माणसाला ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत.

उत्तर: सीनाकाठचा आरोग्यसेवक

ताई, मी सोलापूर जिल्ह्यात आरोग्य खात्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. बार्शीला १९७३ साली चिकुनगुनियाची साथ आली होती, त्याच्या गोष्टी आम्ही वरिष्ठांकडून ऐकत होतो. त्यानंतर तीन दशके हा आजार देशात जवळपास विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये असा परतला की गावेच्या गावे आडवी झाली. त्या वर्षी देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले आणि महाराष्ट्र सर्वाधिक बाधित राज्यांपैकी एक होता.

शास्त्रीय कारणे वरच्या दोघांनी सांगितली आहेत, मी फक्त पाहिलेले सांगतो. एकाच उंबऱ्याच्या आत सासू आठवड्यात शेतावर गेली आणि सून दिवाळीपर्यंत भिंतीला धरून उठत होती, असे आम्ही कितीतरी घरांत पाहिले. लोक त्याचा अर्थ आळस असा लावत. दुखणे खोटे नव्हते, पण ते सिद्ध करायला त्यांच्याकडे कागद नव्हता. आज तुमच्या भावाकडे कागद आहे आणि त्या कागदामुळेच तो घाबरला आहे, याचे मला वाईट वाटते.

एक कळकळीची सूचना आहे. त्या काळी कमरेवर एक सुई घेतली की माणूस दुसऱ्या दिवशी चालू लागतो असा बोलबाला होता. ती सुई बहुतेक वेळा स्टेरॉइडची असे, किती घेतल्या याचा हिशोब नसे, आणि थांबवल्यावर दुखणे दुप्पट होऊन परत येई. काही जणांची साखर वाढली ती वाढलीच. भावाला अशी सुई किंवा नाव न लिहिलेल्या पुड्या कोणी दिल्या असतील तर पुढच्या डॉक्टरांना ते न लपवता सांगावे.

प्रतिसाद: इंद्रायणीकाठ

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. टी-पेशी यांचा परिच्छेद मी आईला वाचून दाखवला.

संधिवैद्यक यांच्या प्रश्नांची उत्तरे विचारून घेतली. भावाच्या म्हणण्याप्रमाणे कमरेचा ताठरपणा तापाच्या आधीही, अंदाजे दोन वर्षांपासून होता. बैठ्या कामामुळे असेल असे समजून त्याने कधी सांगितले नाही. रविवारी उशिरापर्यंत झोपले की तो वाढतो आणि चालायला लागले की मोकळा होतो. पहाटे जाग येते. तापानंतर हे सर्व वाढले आणि गुडघ्याची सूज तेव्हाच प्रथम आली.

वडिलांविषयी आत्याला विचारले. ते चाळिशीच्या आधीपासून वाकून चालत असत, मान वळवायची झाली तर सबंध शरीर वळवत. आम्हा मुलांना ती त्यांची सवयच वाटत असे. आणि त्यांचा एक डोळा वरचेवर लाल होऊन दुखत असे. प्रत्येक वेळी डोळे आले असे समजून थेंब घातले जात. सुई किंवा पुड्या भावाने घेतलेल्या नाहीत.

उत्तर: संधिवैद्यक

ही माहिती फार मोलाची आहे आणि तिच्यामुळे माझा कल बदलतो. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेला, तीन महिन्यांहून अधिक टिकलेला, विश्रांतीने वाढणारा, हालचालीने सुटणारा आणि पहाटे जागे करणारा कमरेचा ताठरपणा हे दाहक पाठदुखीचे ठरावीक रूप आहे. वडिलांची न वळणारी मान आणि वारंवार लाल होणारा डोळा ही दोन्ही वर्णने त्याच आजाराकडे बोट दाखवतात. डोळ्याच्या पुढच्या भागातील युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह, हा बी२७ शी जोडलेला सर्वपरिचित प्रकार आहे आणि तो साध्या डोळे येण्यापेक्षा वेगळा असतो. अशा पार्श्वभूमीवर तोच अहवाल अधिक वजनदार ठरतो. ज्याला कोणतेच लक्षण नाही त्याचा बी२७ आणि ज्याला ही सारी लक्षणे आहेत त्याचा बी२७ यांत मोठे अंतर आहे.

चिकुनगुनियाने हा आजार निर्माण केला असे नव्हे, कारण ताठरपणा त्याच्या आधीचा आहे. तापानंतर तो उफाळला, किंवा विषाणूची स्वतःची सांधेदुखी त्यात मिसळली, या दोन्ही शक्यता उरतात आणि उपचारांसाठी त्या वेगळ्या करणे आवश्यक आहे. म्हणून संधिवाततज्ज्ञांकडे जावे आणि हा सगळा इतिहास आपण येथे लिहिला तसाच लिहून न्यावा. कमरेच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय बहुधा सांगितला जाईल, कारण साध्या एक्स-रेवर बदल दिसायला कित्येक वर्षे लागतात. सीआरपी (रक्तातील दाहाचा निर्देशक) तपासावा, पण तो सामान्य आला तरी आजार नाही असे समजू नये. चिकुनगुनियाची आयजीएम (प्रतिपिंडांची) चाचणी पुन्हा करण्यात अर्थ नाही; ती प्रतिपिंडे काही जणांत कित्येक महिने राहतात आणि त्यावरून विषाणू अजून आहे असे ठरत नाही.

निदान स्पॉन्डिलायटिसचे ठरले तर भावाच्या मनातील ‘आयुष्यभर’ हा शब्द अंशतः खरा आहे, परंतु त्यांच्या वडिलांच्या वेळची परिस्थिती आज नाही. नियमित व्यायाम, दाहशामक गोळ्या आणि त्यांनी न भागल्यास टीएनएफ किंवा आयएल-१७ या दाह वाढवणाऱ्या प्रथिनांना अडवणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत, आणि वेळेवर सुरू केल्यास वाकलेली पाठ बहुतेकांच्या वाट्याला येत नाही. दुखणे केवळ चिकुनगुनियाचे ठरले तरी उपचार आहेत. रियुनियनमधील एका पाहणीत सव्वा वर्षानंतरही ५७ टक्के रुग्णांना सांध्यांच्या तक्रारी होत्या, आणि पंचेचाळिशीच्या पुढचे वय व सुरुवातीच्या वेदनांची तीव्रता हे त्यामागचे मुख्य धोके होते. आपल्या आई त्या वयाच्या असूनही लवकर बऱ्या झाल्या, ही आनंदाची गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न राहिला. भावाच्या मुलीची तपासणी आज करू नये. तिच्याकडे बी२७ असण्याची शक्यता निम्मी आहे, पण लक्षणे नसताना तो अहवाल कोणताही उपचार बदलत नाही आणि मुलीच्या माथी एक काळजी कायमची चिकटते. आपल्यालाही हेच लागू आहे. जवळच्या नात्यात आजार असलेल्या बी२७ वाहकाचा धोका सर्वसाधारण वाहकापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो हे खरे, म्हणून कमरेचा वर सांगितलेल्या प्रकारचा ताठरपणा तीन महिने टिकला तर आपण तज्ज्ञांना दाखवावे; तपासणी त्या वेळी करता येईल. घरबसल्या लाळेवरून होणाऱ्या जनुकीय चाचण्यांवर यासाठी खर्च करू नये.

भावाचा डोळा कधी लाल झाला, दुखू लागला आणि उजेड सहन होईनासा झाला, तर घरातले थेंब न घालता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि बी२७ चा अहवाल सोबत न्यावा.